डिजिटल सही : शिक्का कोणाचा, मोर्तब कशावर?

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी

मित्रांनो, इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना सहीचे महत्त्व सांगायला नको. जर्नलच्या इंडेक्सवर सही, टर्मवर्कच्या फाइलवर सही, एनओसीवर सही, आणि सबमिशनच्या शेवटच्या दिवशी सरांच्या केबिनबाहेरची ती रांग! पण ही निळ्या शाईची रेघोटी नेमके काय सिद्ध करते याचा कधी विचार केला आहे का? सरांनी फाइल हातात घेतली होती, एवढेच. सही झाल्यावर मधले एक पान बदलले तरी सही जिथल्या तिथे राहते. (कोणी बदलत नाही हो, उदाहरण म्हणून सांगते आहे.)

हा लेख आहे डिजिटल सहीवर. नेटवर्क सिक्युरिटी हा विषय अभ्यासताना तिचे गणित कळले, पण ती कशासाठी आहे हे कळले अकोल्याला घरी. आमची छोटी दालमिल आहे आणि तिथे या सहीवरून बराच गोंधळ झाला होता. तो पुढे सांगतेच. त्याआधी एक शब्द.

मी पडले कॉन्व्हेंटची. 'शिक्कामोर्तब' हा शब्द मी फक्त पेपरात वाचलेला, 'उमेदवाराच्या नावावर शिक्कामोर्तब' असा. मला वाटायचे, शिक्का मारणे याचाच हा जरा भारदस्त शब्द असेल. पण ते दोन वेगळे शब्द आहेत! मराठेशाहीतल्या पत्रांवर मुद्रा म्हणजे शिक्का असायचा, तो पत्र कोणाचे ते सांगायचा. आणि मजकूर जिथे संपला तिथे दुसरी छोटी मुद्रा उमटवत, ती मोर्तब. मोर्तब म्हणजे मर्यादा. पत्र इथे संपले, याखाली कोणी एक ओळही वाढवायची नाही. म्हणजे 'कोणी लिहिले' आणि 'काय, कुठपर्यंत लिहिले' ही दोन कामे आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीच वेगळी केलेली होती. ज्यांना लिहिता येत नसे तेही सही करायचेच. जुन्या कागदांवर शेतकऱ्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' लिहून नांगराचे चित्र काढलेले सापडते. ते चित्र म्हणजे निव्वळ शिक्का झाला. पुढे 'निशाणी डावा अंगठा' आला, तोही शिक्काच. आपली पेनची सहीसुद्धा शिक्काच आहे. मोर्तब मधल्यामध्ये गळून पडले.

डिजिटल सहीने ते परत आणले, असे माझे मत आहे. आणि धंद्यात तिचा खरा उपयोग तोच आहे. लोक म्हणतात कागद वाचतो, वेळ वाचतो, कुरिअरचा खर्च वाचतो. वाचतो ना! पण तेवढे तर स्कॅन करून ई-मेल केले तरी वाचते.

आता थोडे गणित. घाबरू नका, आठवीच्या पोराला जमेल एवढेच आहे.

समजा अडत्याने शेतकऱ्याला हिशेबपट्टी दिली : तूर ४० क्विंटल, भाव ६३०० रुपये (२०२१-२२ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव एवढाच होता). सगळे अंक मिळवा. ४ + ० + ६ + ३ + ० + ० = १३. पुन्हा मिळवा, १ + ३ = ४. हा ४ म्हणजे त्या पट्टीचा हॅश, आपण त्याला पट्टीचे सार म्हणू. आता अडत्याकडे दोन किल्ल्या आहेत. गुप्त किल्ली ७, ती फक्त त्याच्याजवळ. उघडी किल्ली ३, ती साऱ्या बाजाराला माहीत. शिवाय ३३ ही संख्याही सगळ्यांना माहीत. अडत्या ४ चा सातवा घात काढतो, १६३८४. त्याला ३३ ने भागले की बाकी उरते १६. हा १६ म्हणजे त्याची सही! तो पट्टीखाली १६ लिहून देतो.

शेतकरी ती पट्टी घेऊन बँकेत गेला. बँकवाला १६ चा घन करतो, ४०९६. ३३ ने भागून बाकी ४. मग तो पट्टीवरच्या अंकांचे सार स्वतः काढतो, तेही ४. जुळले! म्हणजे सही अडत्याचीच, आणि पट्टीत कोणी हात घातलेला नाही. समजा वाटेत कोणी ४० चे ४६ केले. सार येते ४ + ६ + ६ + ३ = १९, म्हणजे १०, म्हणजे १. सहीतून मात्र ४ निघतो. पकडला गेला.

हुशार वाचकांच्या लक्षात आलेच असेल की ४० चे ४९ केले तर सार पुन्हा ४ च येते, म्हणजे चोरी पचते! म्हणून खऱ्या सहीत अंकांची बेरीज चालत नाही. तिथे एसएचए-२५६ नावाची रीत वापरतात. तिच्यात एक स्वल्पविराम बदलला तरी सगळे सार पार बदलते, आणि एकच सार असलेले दुसरे कागदपत्र बनवणे आजवर कोणालाच जमलेले नाही. दुसरी अडचण ३३ ची. ३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे शेंबडे पोरही सांगेल, आणि ते अवयव कळले की गुप्त किल्ली शोधता येते. खऱ्या सहीत ही संख्या २०४८ बिटची, म्हणजे ६१७ अंकी असते. तिचे अवयव पाडायला आजचे कॉम्प्युटर पुरे पडत नाहीत. ही युक्ती रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत काढली. तिघांच्या आडनावांवरून तिला आरएसए म्हणतात. गंमत म्हणजे ब्रिटिश गुप्तचर खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स यांनी तेच १९७३ मध्ये शोधून काढले होते, पण सरकारी गुपित असल्यामुळे १९९७ पर्यंत त्यांना बोलता आले नाही.

आता प्रश्न उरतो की उघडी किल्ली ३ ही त्याच अडत्याची, हे बँकेने कशावरून मानायचे? त्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या परवानाधारक संस्था असतात आणि त्यांच्यावर केंद्र सरकारचा नियंत्रक. हा कायदा म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २०००, तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्यात आधी फक्त डिजिटल सही होती. २००८ च्या दुरुस्तीने 'इलेक्ट्रॉनिक सही' असा मोठा शब्द आला, म्हणजे पुढे निघणाऱ्या नव्या पद्धतींनाही दार उघडे राहिले. ही विश्वासाची साखळी तुटतच नाही असे मात्र समजू नका. जुलै २०१४ मध्ये आपल्या एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे बाहेर पडली होती आणि नियंत्रकाला तिची प्रमाणपत्रे रद्द करावी लागली.

वऱ्हाडात याचे काय?

आपला भाग कापसाचा आणि तुरीचा. बाजारातला विश्वास हा इथला जुना प्रश्न आहे. पूर्वी दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा! १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने आपल्या कारंजा लाडला देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे देशभर बाजार समित्या झाल्या त्याची सुरुवात ही. म्हणजे बोटे रुमालाबाहेर काढण्याचे काम वऱ्हाडाने सगळ्यांच्या आधी केले आहे.

पण हिशेबपट्टी अजून कुठे आहे? बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरची प्रिंट निघते आणि खाली छापलेले असते की ही संगणकावर तयार झालेली पावती आहे, सहीची आवश्यकता नाही. मला हे वाक्य वाचले की राग येतो. सहीची आवश्यकता कोणाला नाही? देणाऱ्याला नाही! घेणाऱ्याला आहेच ना. २०२३ मध्ये कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झाले तेव्हा शेतकऱ्यांकडून अर्जासोबत विक्रीची पट्टी आणि सातबारा मागितला होता. अशा वेळी ती प्रिंट म्हणजेच पैसा असतो. तिच्यावर बाजार समितीची किंवा अडत्याची डिजिटल सही असेल, तर 'हीच का मूळ पट्टी' म्हणून शेतकऱ्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

सातबाऱ्याचे तर झालेच आहे की. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळायला लागला. शुल्क १५ रुपये. वेबसाइटवर फुकट दिसतो तो सातबारा फक्त माहितीसाठी असतो, कामाला चालतो तो सहीचा. त्यावर तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) पेनच्या सहीची गरज नाही. ज्या गावात तलाठी भेटणे हाच एक कार्यक्रम असायचा तिथे हा बदल किती मोठा आहे हे शेतकऱ्याच्या घरच्याला विचारा.

मोठ्या धंद्यात ही सही आधीच रुळली आहे. कंपन्यांचे फॉर्म २००६ पासून कंपनी कामकाज मंत्रालयाच्या एमसीए-२१ मध्ये डिजिटल सहीनेच भरले जातात. सरकारी ई-टेंडर तिच्याशिवाय भरता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या जीएसटीच्या बिलासाठी ई-इनव्हॉइस करावा लागतो. म्हणजे एखाद्या जिनिंगने सूतगिरणीला गाठी विकल्या की बिल आधी पोर्टलवर जाते, तिथे त्याला ६४ अक्षरांचा क्रमांक मिळतो (हा क्रमांक म्हणजे एसएचए-२५६ चे सारच!) आणि पोर्टल स्वतःची डिजिटल सही केलेला क्यूआर कोड परत पाठवते. गिरणीवाल्याने तो स्कॅन केला की बिल खरे की बनावट ते तिथल्या तिथे कळते. हीच सोय गाठी विकणाऱ्याला आहे आणि कापूस विकणाऱ्याला नाही, हे मला काही पटत नाही.

टोकन कोणाच्या ड्रॉवरमध्ये?

आता आमच्या घरची गोष्ट. दालमिल प्रायव्हेट लिमिटेड आहे, संचालक मोठे बाबा आणि माझे बाबा. डिजिटल सही काढली तेव्हा पेन ड्राइव्हसारखे दिसणारे एक टोकन मिळाले. त्यात गुप्त किल्ली असते आणि ती बाहेर कॉपी करता येत नाही. तंत्रज्ञान एकदम पक्के! फक्त ते टोकन पहिल्या दिवसापासून आमच्या टॅक्सच्या कामे पाहणाऱ्या सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये, आणि त्याच्या पाकिटावर चिठ्ठी चिकटवून पिन लिहिलेला. 'तुम्हाला कशाला त्रास' म्हणून. एका वर्षीच्या वार्षिक फॉर्ममध्ये त्यांच्याकडून कर्जाचा एक आकडा चुकीचा गेला, आणि आम्हाला न दाखवताच फॉर्मवर मोठ्या बाबांची सही झाली. पुढे कॅश क्रेडिटचे नूतनीकरण करताना बँकेने तो आकडा दाखवून विचारले. मोठे बाबा म्हणाले, मी हे पाहिलेलेच नाही. अधिकारी शांतपणे म्हणाले, "पण सही तर तुमचीच आहे."

घरी आल्यावर मोठे बाबा मला म्हणाले, "बाई, सही माही, अन् मलेच मालूम नाही? हे कोणतं शिक्षण शिकता तुम्ही?"

त्यांना उत्तर द्यायला म्हणून मी कायदा वाचला. सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सही असेल तर ती ज्याच्या नावाची त्यानेच, सही करण्याच्या इराद्याने केली, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. गुप्त किल्ली आपल्याच ताब्यात ठेवण्याची काळजी घेणे हेही कायद्याने सही-मालकावरच टाकले आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला लगेच कळवायचे. पेनच्या सहीत 'अक्षर माझे नाही' म्हणता येते, हस्ताक्षरतज्ज्ञ बोलावता येतो. इथे अक्षरच नाही. १६ हा आकडा कोणीही काढला तरी १६ च. म्हणजे शिक्का दुसऱ्याच्या हातात असेल तर मोर्तब जितके पक्के तितके आपण जास्त अडकतो. आमचा फॉर्म दुरुस्त होईपर्यंत दोन महिने गेले आणि तोवर बँकेची मर्यादा अडकून राहिली. तुरीच्या ऐन सीझनमध्ये दालमिलला दोन महिने म्हणजे काय ते व्यापाऱ्यांच्या घरचे समजतील. ते टोकन आता आमच्या देवघराच्या कपाटात असते.

ज्यांच्या घरी दुकान, जिनिंग, कृषी केंद्र किंवा कंत्राटदारी आहे त्यांनी आज फोन करून एवढेच विचारावे : आपले टोकन कुठे आहे?

यावर एक उपाय २०१५ मध्ये आला, आधारवर चालणारी ई-साइन. हिच्यात टोकनच नसते. तुम्ही ओटीपी टाकला की सेवा देणारी संस्था तुमच्यासाठी किल्ल्यांची नवीन जोडी तयार करते, एकदा सही करते आणि गुप्त किल्ली नष्ट करते. प्रमाणपत्राचे आयुष्यच ३० मिनिटे! आपल्या पुण्याच्या सी-डॅकची अशी सेवा आहे, तिचे नावही छान आहे, ई-हस्ताक्षर. कधीतरी एखादी सही करणाऱ्या शेतकऱ्यासाठी किंवा छोट्या दुकानदारासाठी हीच पद्धत योग्य वाटते. पण ड्रॉवर इथेही आहे. 'काका, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा' असा फोन आला आणि काकांनी सांगितला, की झाली सही!

अजून एक गैरसमज आपल्याच कॉलेजात रोज दिसतो. अ‍ॅडमिशनच्या वेळी आपण उत्पन्नाचा, डोमिसाइलचा, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला डाउनलोड केला, त्यावर डिजिटल सही होती. मग आपण काय केले? प्रिंट काढली, झेरॉक्स काढली आणि त्यावर सही-शिक्का मारला! मित्रांनो, प्रिंट काढली की डिजिटल सही मेली. सही फाइलमध्ये असते, कागदावर तिचे फक्त चित्र येते. हिरवी खूण काय, कोणीही छापू शकतो. कागदावरून तपासायचे असेल तर त्यावरचा क्यूआर कोड किंवा पडताळणी क्रमांक टाकून मूळ नोंद उघडून पाहायची, सातबाऱ्यालाही तेच. आणि फाइल उघडल्यावर सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसले तर लगेच खोटी समजू नका. बऱ्याचदा आपल्या कॉम्प्युटरला भारतीय नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र ओळखीचे नसते, ते एकदा 'ट्रस्टेड' यादीत घातले की प्रश्नचिन्ह जाते. फाइल खरोखर बदलली असेल तर सॉफ्टवेअर तसे स्पष्ट सांगते. वर्डच्या फाइलमध्ये सहीचा फोटो चिकटवणे ही तर डिजिटल सही नव्हेच. ती निशाणी नांगर!

प्रत्येक कागद असा सही करता येतो असेही नाही. मृत्युपत्र अजून कागदावरच लागते, ट्रस्टचे दस्तही. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे करार आधी या यादीत होते, ते २०२२ मध्ये वगळले गेले. मुखत्यारपत्राला अजूनही साधारण मनाईच आहे, रिझर्व्ह बँकेसारख्या नियामकांच्या नियंत्रणातल्या संस्थांच्या बाबतीत तेवढी सूट आहे.

शेवटी थोडे पुढचे. टोकनमधल्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षे असते, पण जमिनीचा कागद तीस-चाळीस वर्षांनीही काढून पाहावा लागतो. म्हणून सही कोणत्या क्षणी झाली याचा वेगळा टाइमस्टॅम्प घ्यावा लागतो, नाहीतर मुदत संपल्यावर वाद. दुसरे संकट क्वांटम कॉम्प्युटरचे. तो पुरेसा मोठा झाला तर ६१७ अंकी संख्येचे अवयव पडतील आणि आरएसए संपेल. त्याची तयारी म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-डीएसए ही नवीन सहीची पद्धत प्रमाणित केली. पण आपल्यासाठी तिची एक अडचण आहे. आरएसएची सही २५६ बाइटची, हिची लहानात लहान सही २४२० बाइटची. आणि सर्वांत मोठ्या क्यूआर कोडमध्ये मावतात २९५३ बाइट. राहिले ५३३. मराठी अक्षराच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, म्हणजे शेतकऱ्याचे नाव, गाव, माल, वजन, भाव, हमाली, तोलाई हे सगळे १७७ चिन्हांत, आणि त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या! शिवाय एवढा गच्च क्यूआर बाजारातल्या धुळीत, घडी पडलेल्या पातळ कागदावर स्कॅन होईल का हा प्रश्न वेगळाच. आमच्या ग्रुपने पुढच्या वर्षी फायनल इयर प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचे ठरवले आहे. ज्यांच्याकडे खऱ्या हिशेबपट्ट्या असतील त्यांनी नाव झाकून झेरॉक्स आणून द्याव्यात, नमुन्यासाठी हव्या आहेत.